पर्लमधलं सर्कल

चौथ्या महिन्यात माझं पोटातलं बाळ गेलं, तेव्हा दोह्याच्या हॉस्पिटलात जी सिस्टर माझा हात धरून बसली होती ती वसईची निघाली. मी कळवळून "आई गं" म्हणाले आणि तिनं चमकून विचारलं, "कुठल्या हो तुम्ही?" मी नाशिकची. मग मी तिची ताईच झाले. शुक्रवारी सुट्टी मिळाली की ती आमच्याकडे, दोह्याबाहेर अल खोरला यायची, वरण-भात जेवायची आणि सोफ्यावरच गाढ झोपायची.

कतारमध्ये फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी चालली होती. कालचा रस्ता आज बंद, सगळीकडे क्रेन आणि धूळ. त्याच सुमारास तिचा धाकटा भाऊ अपघातात गेला. रजा मंजूर होऊन ती घरी पोचेपर्यंत त्याला माती देऊन झाली होती. परत आली ती कोरडी होऊन. जेवायची, ड्युटी करायची, पण बोलता बोलता मध्येच थांबायची आणि पुढचं वाक्य यायचंच नाही.

तिच्या एका पेशंटच्या बायकोनं, एका गोऱ्या बाईनं, तिला द पर्ल या दोह्यातल्या श्रीमंत वस्तीतल्या आपल्या घरी बोलावलं. तिथे सुट्टीच्या सकाळी एक सर्कल भरायचं. गाद्यांवर झोपून दीर्घ श्वास घ्यायचे, मग एकेकानं मनातलं बोलायचं. शिकवणारा मध्यमवयीन, युरोपातला, फार हळू बोलणारा. मीही तिच्याबरोबर गेले. तो म्हणाला, "ही सुरक्षित जागा आहे. इथे सगळ्यांना स्थान आहे." घरात काम करणारी मुलगी आम्हाला चहा देत होती. हिनं तिला आपल्या शेजारी बसायला जागा करून दिली, तर यजमानीणबाई हसून म्हणाल्या, "अगं, ती कामावर आहे."

मला तेव्हाच उठावंसं वाटलं. परतताना मी तिला म्हटलं, "कशाला जातेस इथे?"

"ताई, इथे मला कुणी सिस्टर म्हणत नाही. नावानं हाक मारतात."



कतारमध्ये श्वासापलीकडे नशेचं काही घेणं म्हणजे थेट तुरुंग. खरं 'औषध' सर्कलमधले लोक उन्हाळ्यात युरोपात जाऊन घ्यायचे, जिथे ते चालतं. औषध म्हणजे एक प्रकारचे मशरूम. त्यानं भास होतात, मनात गाडलेलं दुःख वर येतं, असं सगळे सांगत. हिला भावासाठी एकदा रडायचं होतं. वार्षिक रजा घेऊन ती त्यांच्याबरोबर गेली.

परत आल्यावर बरेच दिवस तिनं फोन उचलला नाही. शेवटी मीच तिला गाडीत घालून अल खोरला आणलं. समुद्रावर ओहोटी होती. गाडीतून न उतरता, समोर बघत तिनं सांगितलं.

"त्या शिकवणाऱ्यानं आधी सांगितलं होतं, नको वाटलं तर थांब म्हण, मी लगेच थांबेन. मला भाऊ दिसत होता, ताई. मी रडत होते. हा जवळ आला, धीर द्यायला म्हणून. मग त्याचे हात... मला थांब म्हणायचं होतं. जीभच हलेना. मला सगळं कळत होतं."

मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती दाराकडे सरकली.

आम्ही दोघी त्या यजमानीणबाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. मग म्हणाल्या, "त्या अवस्थेत काय खरं आणि काय भास हे कुणालाच सांगता येत नाही. आणि तुमच्या समाजात स्पर्शाची भीती खोलवर असते. कदाचित औषधानं तुला तीच दाखवली."

"मी नर्स आहे," ती म्हणाली. "स्पर्श मला कळतो."

मी म्हटलं, "तुम्ही त्याला निदान सर्कलमधून बाजूला करा. दुसऱ्या बायकांना सांगा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. तिला म्हणाल्या, "आणि हे बाहेर सांगायचं तर तू काय घेतलं होतंस, तेही सांगावं लागेल. तुझ्या हॉस्पिटलला चालेल?"

लिफ्टमध्ये ती भिंतीला टेकून उभी होती. खाली पोचेपर्यंत आम्हा दोघींना त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं होतं. मी ग्रुपमधल्या एकेकीला वेगळे फोन केले. एकीनं ऐकून फोन ठेवला. दुसरी म्हणाली, तो माणूस नसता तर मी आज जिवंत नसते. माझा नवरा म्हणाला, "ज्या देशात घडलं तिथे तक्रार कर म्हणावं." आम्ही तेही केलं. उत्तर आलं, की जबाब द्यायला समक्ष यावं लागेल. रजा संपलेली, तिथला व्हिसा संपलेला, आणि हॉस्पिटलला कारण काय सांगणार?

वॉर्डात सलाइन लावायला ती दुसऱ्या नर्सला पुढे करायला लागली. पुरुष पेशंटला कुशीवर वळवायची वेळ आली की ती बाहेर निघून जायची. इनचार्जनं दोनदा समज दिली. तिसरी समज येण्याआधी तिनं राजीनामा दिला. विमानतळावर मी म्हटलं, "घरी बरं वाटेल तुला." ती म्हणाली, "ताई, आता भावाची आठवण आली की तो माणूस आठवतो. भाऊही राहिला नाही मला."

मग वर्ल्ड कप जवळ आला, रस्ते मोकळे झाले, गावभर झेंडे लागले. सर्कल अजून भरतं, असं मला कळलं. गर्दी वाढली म्हणे.

ती फोन घेत नाही. मी तिच्या आईला करते. मागच्या वेळी त्या म्हणाल्या, "जेवते, झोपते. मुलं इंजेक्शनला बोलवायला येतात शेजारची, तर दार लावून घेते. काय झालंय गं तिला तिकडे? तू तरी सांग."

मी म्हटलं, "काम फार होतं, मावशी."