आजोबांच्या बॉम्बर तुकडीचा शोध: सातारा, शिराळा आणि एक आख्खा कागद

उंब्रजजवळच्या आमच्या गावात दुसऱ्या महायुद्धात लढायला गेलेल्यांच्या नावांचा दगड बसणार होता आणि त्यात आजोबांचं नाव नव्हतं. "ते बंबवाले. साहेबांचं पाणी तापवायला होते," दगडाच्या समितीचे तात्या फोनवर म्हणाले. आजोबा मरेपर्यंत सांगत राहिले, चव्वेचाळीस साली बर्मा आघाडीवर मी बॉम्बर तुकडीत विमानांना बॉम्ब लावायचो. गावानं 'बॉम्बर'चा 'बंब' केला. मी म्हटलं, "कागद आणते." आणि शुक्रवारी सकाळी पुण्याहून गाडी काढली.

साताऱ्यात रखमामावशीला घेतलं. आजोबांची थोरली लेक, वय ब्याऐंशी. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. दोघी थेट सैनिक कल्याण कार्यालयात गेलो.

सैनिकांच्या नोंदी बघायला जाणार असाल तर सैनिक नंबर आणि जुना तालुका लिहून न्या, जेवणाच्या सुट्टीआधी पोचा. आजोबांचं नाव सापडलं, भरतीची आणि फौजेतून सुटल्याची तारीखही. तुकडीचा रकाना मात्र कोरा!

"कोरा म्हंजी नव्हता असं न्हाई," मावशी फणकारली.

तिथल्या निवृत्त हवालदारांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. त्याच दिवशी भरती झालेला एक शिराळ्याचा गडी. "तेव्हा शिराळाही सातारा जिल्ह्यातच होता. त्यांच्या घरी विचारा."

दुसऱ्या दिवशी कराड मागे टाकून पेठ नाक्याला वळलो. पिठलं-भाकरी ऐंशी रुपयांत पोटभर. पुढे उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळे गाडी सावकाश.

शिराळ्यात त्या सैनिकाचे चिरंजीव आनंदाकाका भेटले. त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून एक इंग्रजी टाइप केलेला कागद काढला. मी मराठी करत मोठ्यानं वाचत गेले. बॉम्बर तुकडीचा नंबर. दोघांची नावं. काम, विमानांवर बॉम्ब चढवणं. आणि खाली: गोऱ्यांइतकंच जेवण मिळेपर्यंत कामाला नकार, दोघांनाही अठ्ठावीस दिवस कोठडी.

"म्हणून बानं ह्यो कुनाला दावला न्हाई," काका म्हणाले. "शिक्षा हाय न्हवं."

"माझ्या बानं बी कवा सांगितलं न्हाई," मावशी म्हणाली. बराच वेळ ती त्या न कळणाऱ्या अक्षरांवरून हात फिरवत राहिली.

रविवारी गावात तात्यांनी झेरॉक्स बघितली. "तुकडी खरी निघाली. पण शिक्षा झालेल्याचं नाव दगडावर? असं करू, वरचा अर्धाच कागद फाइलला लावू."

खरं सांगते, क्षणभर मला ते पटलंही.

"अर्धा न्हाई!" मावशी उठून उभी राहिली. "तात्या, बॉम्ब चढवलं ते सायबाच्या हुकमानं. काम थांबवलं ते सोताच्या मनानं. आख्खा कागद लाव, न्हाईतर नाव बी नगं."

तात्यांनी कागद पुन्हा वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. मग यादीत आजोबांचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं.

पुण्यात परतल्यावर आनंदाकाकांना हे कळवायला फोन केला.

"पोरी," ते म्हणाले, "आज नातवंडांना म्होरं बसवून त्यो कागद वाचून घेतला. बाची शिक्षा पयल्यांदाच घरात मोठ्यानं बोललो बघ."