डोळे उघडणारं शिबिर

आमच्या घरात मासिकं येत नसत, पत्रकं येत. वडील ती मोर्च्यातून आणत आणि आई त्यांच्यावर भाजलेले शेंगदाणे सोलायला घेई. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. साधं वाक्य लिहिणं मला म्हणूनच उशिरा जमलं.

अंबड तालुक्यातल्या एका गावात आम्ही काही मित्रांनी मुलांसाठी उन्हाळी कला शिबिर घ्यायचं ठरवलं, तेव्हा पत्रक अर्थात मी लिहिलं. चित्रकला, नाटक, गाणी हे शब्द मला फार मवाळ वाटले. ते खाली बारीक अक्षरात टाकले. वर ठळक छापलं : 'डोळे उघडणारं मोफत शिबिर!'

मुख्याध्यापकांनी शाळेचा एक वर्ग दिला, पण अट घातली. "पहिल्या दिवशी लेकरं दिसली तर ठीक. न्हाई तर दुपारी कुलूप. मंग माझ्यापुढं भाषण न्हाई."

सकाळी व्हरांड्यात रांग होती. सगळी म्हातारी माणसं. इकडे शिबिर म्हणजे रक्तदानाचं, नाहीतर मोतीबिंदूचं. तिसरा प्रकार गावानं पाहिलेला नव्हता.

सगळ्यांत पुढच्या आजींनी विचारलं, "पोरी, थेंब कवा टाकतीस?"

"आजी, हे कलेचं शिबिर आहे. आम्ही माणसाची नजर बदलतो."

"मंग डाव्या डोळ्याची आधी बदल."

मागचे आजोबा म्हणाले, "शिकाऊ दिसायली. मोठ्या डाक्टरला बोलवा."

मी पायरीवर उभं राहून कला आणि समाज यांचा संबंध समजावून सांगितला. रांग हलली नाही.

तेवढ्यात मुख्याध्यापक कुलूप घेऊन आले. मी भांडायच्या तयारीत होते. त्यांनी वर्गात डोकावलं आणि ते थांबले. ज्यांना धड दिसत नव्हतं, त्यांना कुणीतरी हात धरून आणलेलंच होतं. ती नातवंडं कंटाळून आत शिरली होती आणि रंग उघडून बसली होती. आजींची नात उरलेल्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर हत्ती काढत होती.

"बक्कळ हायेत की," म्हणत मुख्याध्यापकांनी कुलूप खिशात टाकलं. "फरशी तेवढी धुऊन द्या."

दुसऱ्या वर्षी मित्र म्हणाले, ते वाक्य काढ. प्रश्न तत्त्वाचा होता, मी काढलं नाही. शिवाय मुलं त्याच वाक्यानं आली होती. पहिल्या दिवसापुरते जालन्याहून डोळ्यांचे डॉक्टर बोलावले. अजूनही शिबिर तसंच भरतं. व्हरांड्यात डोळे, आत रंग.

आजींचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी नातीचा हत्ती नीट पाहिला.

"आधी बरा दिसायचा," त्या म्हणाल्या.