स्वर्ग, नरक, तळमजला, मुलुंड पूर्व

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी कुणी आवरत नाही. चहाचे कप आणि किस्से. कप निदान शलाका ओरडली की धुतले जातात. किस्से मात्र तसेच पडून राहतात, एकावर एक. मग कुणाच्या तरी लग्नात, जेवणाच्या टेबलावर, एखादी मावशी विचारते, "केतकी, तू नक्की करतेस काय गं?" मी म्हणते, "सैतानांचे आवाज काढते." झालं! सगळ्यांचे जेवून हात धुऊन होतात, किस्से सांगता सांगता माझं ताट तसंच!

तर आम्ही व्हिडिओ गेम बनवतो. चौघांची कंपनी. मंदार मालक, म्हणजे बोलणी तोच करतो आणि एसीही तोच बंद करतो. शलाका चित्रं काढते, प्रथमेश कोड लिहितो आणि मी आवाज बघते. गेम अ‍ॅक्शनचा. देवदूत आणि सैतान यांचं तुंबळ युद्ध. तलवारी, आगीचे गोळे, पंख, शिंगं, सगळा माल भरपूर. दोन्ही बाजू मराठीत भांडतात, कारण मंदारचं म्हणणं, "इंग्रजीत ओरडणारे सैतान पैशाला पासरी झालेत यार! आपले मराठीत ओरडतील. बाहेरच्यांना खाली भाषांतर देऊ."

ऑफिस म्हणजे मुलुंड पूर्वेला एका सोसायटीतला तळमजल्यावरचा टू बीएचके. हॉलमध्ये स्वर्ग बनतो, आतल्या बेडरूममध्ये माझा माइक, म्हणजे नरक. पवईच्या एका मोठ्या कंपनीने गेम उचलला तर आम्ही तरलो. नाहीतर चौघंही नोकरी शोधायला मोकळे. अशा परिस्थितीत माणसं गंभीर होतात म्हणे. आम्हाला ते काही जमलं नाही.

*

पहिला किस्सा सेक्रेटरींचा. मी सैतान मरतानाच्या किंकाळ्या रेकॉर्ड करत होते. सकाळपासून प्रथमेश माइकसमोर मरत होता. बाराव्या का तेराव्या मरणाला दारावर धाडधाड थापा! दार उघडलं तर सोसायटीचे सेक्रेटरी गोगटे काका, हातात काठी, मागे वॉचमन.

"आत कोण मरतंय?"

"कुणी नाही काका," मी म्हटलं. "सैतान मरतोय."

काकांनी काठी खाली केली. मला वाटलं, आता ऑफिस खाली करायला सांगणार. तर काका म्हणाले, "जरा पुन्हा लावा बघू."

मी लावलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "खोटं आहे. हा मरत नाहीये, याचं पोट दुखतंय!"

काका बँकेत होते तेव्हा बँकेच्या नाटकांत कामं करायचे, हे आम्हाला तेव्हा कळलं. बहुतेक नाटकांत ते दुसऱ्या अंकात मरायचे. मग काय! काकांनी चष्मा काढून वॉचमनकडे दिला, माइकसमोर उभे राहिले, छाती धरली आणि अशी काही "अगंऽऽ आईऽऽ गंऽऽ!" ठोकली की माझ्या अंगावर काटा आला. ते गुडघ्यावर बसले, मग आडवे झाले, मग एक पाय झाडला.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून काकू धावत खाली आल्या. पायांत चपला नाहीत, हातात कालथा. काका जमिनीवर. काकूंनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा माइककडे.

"उठा!" काकू म्हणाल्या. "रिटायर झाल्यापासून घरात रोजच मरताय. आता लोकांकडेही सुरू केलंत?"

गेममधला प्रत्येक सैतान आज काकांच्या आवाजात मरतो.

*

मग प्रथमेशचा तो पंखांचा घोळ. शलाकाने देवदूतांना भलेमोठे पंख काढले. दिसायला झकास! पण स्वर्गाचा दरवाजा त्याआधीच बनून झाला होता. पहिल्यांदा गेम चालवला तर देवदूतांची अख्खी पलटण दरवाजात अडकली! पुढचा आत जाईना, मागचे ढकलतायत, पिसं उडतायत. स्वर्गात घुसलेले सैतान बिचारे आत तलवारी उपसून वाट बघतायत.

मंदार म्हणाला, "दरवाजा मोठा कर." शलाका म्हणाली, "अजिबात नाही! त्याची नक्षी करताना माझी मान मोडली." मंदार म्हणाला, "मग पंख छोटे कर." शलाका म्हणाली, "मग कोंबडी दिसेल."

प्रथमेश जाऊन कॉम्प्युटरसमोर बसला आणि तासाभरात त्याने दाखवलं. देवदूत दारापाशी येतो, हवेतच झोपतो, पंख मिटतो आणि सुळ्ळकन आत सरकतो.

मंदार खवळला. "अरे, स्वर्गात आडवं होऊन कोण जातं?"

प्रथमेश म्हणाला, "सगळेच जातात की रे!"

*

हा एक छोटासा. सैतानांच्या सेनापतीचा चेहरा शलाकाला काही केल्या जमत नव्हता. एके दिवशी मंदार इंटरनेटवाल्याशी फोनवर भांडत होता, तेव्हा तिने गुपचूप त्याचा फोटो काढला. त्यावरून चेहरा बनवला, वर शिंगं लावली, दात पुढे काढले.

मंदारने पाहिलं आणि खूश! "वा! बघूनच शिसारी येते. हाच ठेव."

आम्ही सगळे ओठ चावत आपापल्या कामाला लागलो. पुढच्या आठवड्यात मंदारची आई डबा द्यायला आली. तिची नजर भिंतीवरच्या पोस्टरवर गेली. आणि ती कौतुकाने म्हणाली, "अय्या मंदार, किती छान आलायस रे!"

*

युद्ध सुरू व्हायच्या दिवसाचंही सांगायला हवं. मोठ्या लढाईचा सीन पहिल्यांदा चालवायचा होता. मंदारने त्यासाठी समोसे मागवले. मी ढोल-ताशे आणि शंख असलं जबरदस्त म्युझिक लावलं. एका बाजूला देवदूत, दुसऱ्या बाजूला सैतान. प्रथमेशने बटण दाबलं. दोन्ही सैन्यं गर्जना करत एकमेकांवर धावून गेली!

आणि थांबली. अगदी समोरासमोर. कुणी कुणाला हात लावेना. नुसते उभे. अधूनमधून एखादा मान हलवतोय, एखादा उगाच पाय बदलतोय. कोण कुणाचा शत्रू, हे कोडमध्ये लिहायचंच प्रथमेश विसरला होता! वरून ढोल-ताशे वाजतायत आणि खाली ही सगळी मंडळी अवघडून उभी.

मंदारच्या हातातला समोसा हातातच राहिला. "यांचं चाललंय काय?"

शलाका म्हणाली, "साखरपुडा."

*

आता सैतानांच्या राणीची गोष्ट. राणीला आवाज हवा होता. दोन-तीन बायका येऊन गेल्या, आवाज गोड होते. "मी तुमच्या स्वर्गाची राख करीन" हे वाक्य त्या विमानतळावरच्या सूचनेसारखं म्हणायच्या. वाटायचं, राख करून झाली की चहा पण विचारतील.

प्रथमेश वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला. त्याची आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकते. एकदा तिचा फोन आला, प्रथमेशने कानाला लावला आणि तिचा आवाज मला बंद दाराआड, हेडफोन घालून ऐकू आला! मी धावत बाहेर आले. "प्रथमेश, ही आपली राणी!"

मावशी आल्या. अंगावर ठसठशीत सोनं, डोक्यात अबोलीचा गजरा, येताना आमच्यासाठी सुक्या कोळंबीचे सोडे. पण माइकसमोर बसल्या आणि एकदम शाळेतल्या मुलीसारख्या झाल्या. हात मांडीवर ठेवून अगदी हळू, "मी तुमच्या स्वर्गाची राख करीन हां."

"मावशी, जरा रागावून."

"कुनावर रागावू? तुमी तर चांगली पोरं हाव."

पाच-सहा वेळा झालं. मावशी जास्तच मवाळ व्हायला लागल्या. प्रथमेशने डोकं धरलं. शेवटी मंदार आत आला, माइकशेजारी उभा राहिला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "मावशी, तुमचं पापलेट बर्फातलं असतं ना?"

आई शप्पथ! माझ्या मशीनवरचे सगळे दिवे लाल!

"कोन बोलला बरफातला? ए, डोले बघ त्याचे, डोले! घ्यायचा नाय तर हात नको लावू! चल, फूट हितून!"

मंदार टेबलाखाली गेला, पण मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही. मावशी चांगली दहा मिनिटं बोलत होत्या. आता गेममध्ये देवदूत राणीच्या मुकुटाकडे हात नेतो, तेव्हा राणी गरजते, "घ्यायचा नाय तर हात नको लावू!" एक शब्द बदलावा लागला नाही.

सगळं झाल्यावर मावशी पुन्हा गोड हसल्या. "झाला का रेकॉर्डिंग? मग आता सांग, पापलेट देवू काय?"

मंदार जन्मात मासा न खाल्लेला माणूस. पण त्या संध्याकाळी तो घरी गेला तो हातात पापलेटची पिशवी घेऊन. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर म्हणाला, "तूच बसायचं होतंस त्यांच्यासमोर, आणि 'नाही' म्हणून दाखवायचं होतंस!"

*

मग पवईचा दिवस आला. मोठ्या कंपनीच्या कर्णिक मॅडम गेम बघणार होत्या. मंदारने सूट घातला. आणि रिक्षात बसता बसता प्रथमेश म्हणाला, "एक छोटा प्रॉब्लेम आहे. आपला देवदूत मेला की गेम हँग होतो."

"कधीपासून?"

"आजपासून."

दुरुस्त करायला वेळ नव्हता. मंदार म्हणाला, "मी खेळून दाखवतो. मी मरणारच नाही!" आता खरं सांगायचं तर मंदारइतकं वाईट आमच्यात कुणी खेळत नाही.

काचेची खोली, भलामोठा पडदा, समोर कर्णिक मॅडम. चेहऱ्यावर एक रेष हलेल तर शपथ. मंदारने कंट्रोलर हातात घेतला आणि त्याचा देवदूत जो पळत सुटला, तो पळतच राहिला. खांबामागे लपला, पायऱ्यांखाली बसला, एकदा तर सैतान दिसल्याबरोबर आला तसा परत फिरला.

मॅडम म्हणाल्या, "हा लढत का नाही?"

मंदार म्हणाला, "मॅडम, तो आधी परिस्थिती समजून घेतो."

"द्या इकडे," म्हणून मॅडमनी कंट्रोलर काढून घेतला. प्रथमेशने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. पण मॅडम पट्टीच्या निघाल्या! धडाधड सैतान कापत सुटल्या. प्रत्येक वारासरशी "अगंऽऽ आईऽऽ गंऽऽ!" करत गोगटे काका मरत होते. मॅडम थेट राणीच्या महालात पोचल्या आणि मुकुटाला हात घातला.

"घ्यायचा नाय तर हात नको लावू!"

मॅडम जागच्या जागी थिजल्या. कंट्रोलर हवेत. "हा आवाज... अंधेरीचा बाजार?"

प्रथमेश घाबरत म्हणाला, "मॅडम, आई आहे माझी."

"अरे, हिच्याशी मी दर रविवारी भांडते!"

तेवढ्यात राणीने देवदूताला उडवलं. व्हायचं तेच झालं. पडदा गोठला. देवदूत हवेत उलटा, राणी कमरेवर हात ठेवून उभी. आमची वाट लागली, हे चौघांनाही एकदमच कळलं.

मॅडमनी कंट्रोलर हळूच टेबलावर ठेवला. "अगदी बरोबर केलंत," त्या म्हणाल्या. "रविवारीही हे इथेच संपतं."

आठवड्याने मॅडमचा फोन आला, गेम घेतला म्हणून! मंदार आनंदाने खुर्चीवर चढला. खुर्ची चाकांची होती. पण ते जाऊ दे.

*

गेम घेतला म्हणून ऑफिसात सत्यनारायण घातला. केळीचे खांब कुठे बांधायचे, तर दोन स्पीकरना बांधले. पूजेला मंदार आणि त्याची बायको बसली. सांगायला आपटे गुरुजी आले होते, पन्नाशीचे, मितभाषी, घड्याळाचे पक्के. आल्या आल्या त्यांनी बजावलं, "अकराला मला निघायचंय. घाटकोपरला वास्तुशांत आहे."

पूजा छान झाली, आरती झाली, शिऱ्याचा प्रसाद वाटला. गुरुजी दक्षिणा घेऊन उठले आणि जाता जाता पडद्यासमोर थांबले.

"हे काय आहे?"

"गेम आहे गुरुजी," प्रथमेश म्हणाला. "हे देवदूत, हे सैतान. आपण एक बाजू घ्यायची आणि लढायचं. बघता का दोन मिनिटं?"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. उपरणं नीट खोचलं आणि खुर्चीवर बसले. प्रथमेशने बटणं समजावली. पडद्यावर प्रश्न आला, तुम्ही कोणाच्या बाजूने? गुरुजींनी क्षणभरही विचार न करता सैतान निवडला.

मंदारच्या हातातला प्रसादाचा द्रोण कलला. "गुरुजी, तुम्ही... सैतान घेतलात?"

गुरुजींची नजर पडद्यावरून हलली नाही. "तिकडे रोजचीच नोकरी आहे हो," ते म्हणाले.

आणि काय खेळले! पहिल्या पाच मिनिटांत तटबंदी पाडली. मग पूल जाळला. शलाका शिरा खायचं विसरली. अकरा वाजून गेले, सव्वाअकरा झाले. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. पूजेला आलेल्या गोगटे काकूंनी आतून चहा आणला, तो तसाच गार झाला. गुरुजींच्या शेंडीची गाठ सुटली होती आणि देवदूतांची तिसरी पलटण पळत होती.

तेवढ्यात गुरुजींचा फोन वाजला. घाटकोपरचे यजमान. गुरुजींनी फोन खांद्यावर धरून कानाशी दाबला, दोन्ही अंगठे बटणांवर तसेच.

"हो हो, निघालोच!" गुरुजी म्हणाले. "मध्ये दोन देवदूत आलेत. तेवढे मारतो आणि पोचतोच!"