परातीएवढी गोलाई

"मंगलताई, हे गेले हो..." सुनीलच्या बायकोचा, शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षात होते. भोवती हॉर्नचा नुसता कल्लोळ. मी "काय? काय?" करत राहिले आणि बिचारीला ते पुन्हा सांगावं लागलं. त्याला आता महिना होऊन गेला.

सुनील आमच्या ऑर्केस्ट्राचा गिटारवाला, मी गायिका. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. गणपती-नवरात्रात श्वास घ्यायला फुरसत नसे. इलेक्ट्रिक गिटारची तार बोटानं वर ढकलून तो असा काही सूर ओढायचा की लोक मला सोडून त्याला वन्समोर द्यायचे. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू! मग पिंपळगावच्या एका कार्यक्रमानंतर स्पीकर चढवताना टेम्पोच्या फाळक्यात त्याच्या डाव्या हाताची तर्जनी सापडली. हाड जुळलं, पण बोट कायमचं वाकडं राहिलं. कॉर्ड धरायची, म्हणजे अनेक सूर एकदम वाजवायचे, तर हेच बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं, आणि ते मधल्या तारांवर टेकेचना. गिटार खोक्यात गेली. सुनील बोलेनासा झाला.

एकदा भेटायला गेले, तर हा पठ्ठ्या स्वयंपाकघरात भांडी मांडून बसलेला. वाकडं बोट वाटीच्या काठावर ठेवतोय, मग ताटाच्या, मग परातीच्या.

"डोकं फिरलंय का रे तुझं?"

"अगं, बघ तरी. गिटारची नेक, ही तारांखालची दांडी, सपाट दिसते, पण असते किंचित गोल. वर्तुळ जेवढं मोठं, तेवढी ती सपाट. माझी आहे पाण्याच्या पिंपाएवढ्या वर्तुळाची. आणि हे बोट..." त्यानं ते परातीच्या काठावर बाहेरून टेकवलं. कुठे फट नाही. "बोट काही सरळ होत नाही. मग नेकच गोल करू."

परात सुताराकडे गेली ती बरेच दिवस आलीच नाही. वहिनी पातेल्यात कणीक मळायच्या आणि दोघांच्या नावानं बडबडायच्या. परातीच्या बाकाचा ठोकळा कोरून घेऊन, त्याला पॉलिशपेपर लावून सुनीलनं नेक घासली. आधी काढलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या पुन्हा बसवल्या. पहिली कॉर्ड स्वच्छ वाजली आणि वहिनी पदर डोळ्याला लावून आत गेल्या. मग त्यानं सवयीनं तार ओढली... आणि सूर मधेच मेला. नेक जास्त गोल झाली की ओढलेली तार मधल्या उंचवट्यावर चढते आणि पुढच्या पट्टीला अडते. तारा उंच केल्या तर सूर वाचत होता, पण मग त्या बोटाला कॉर्ड दाबवत नव्हती. दोन्हीतलं एकच मिळणार होतं.

"अरे वेड्या, लोक तुझा तो सूर ऐकायला येतात!" मी चक्क भांडले.

"सूर तू ओढ," तो शांतपणे म्हणाला. "मी खाली कॉर्ड धरतो."

त्यानंतर पंधराएक वर्षं तो स्टेजवर माझ्या मागे उभा राहिला. वन्समोर मला मिळू लागले. मी कितीही लांब गेले तरी खाली त्याची कॉर्ड असायचीच. मी जे काही बरं गायले, ते त्या भरवशावर.

परवा गेले तेव्हा वहिनी त्याच परातीत कणीक मळत होत्या. ओट्यापाशी उभी राहून मी नकळत गुणगुणले, एक सूर लांबवला... आणि खालची कॉर्ड यायची वाट बघत राहिले. वहिनींचे हात थांबले. मी आपली तर्जनी वाकवून परातीच्या काठाला लावून बघितली.

"त्याचं बोट नेमकं कुठे बसायचं हो?"

"कुठेही ठेवा," वहिनी म्हणाल्या. "सगळीकडे तेवढीच गोल आहे."