घोट्यावरचा काळा दोरा

माझ्या नवऱ्याच्या डाव्या पायाचं भविष्य मला सांगता येतं, असं मी दोन वर्षं समजत होते.

त्याआधी धावरं, कातडी सुजवणारं ते दुखणं, तीनदा येऊन गेलं होतं. सकाळी बागेत काजू वेचणारा माणूस दुपारी हुडहुडी भरून गोधडीत, आणि संध्याकाळपर्यंत नडगी लालबुंद, हात लावू देणार नाही इतकी तापलेली. तिसऱ्या वेळी सावंतवाडीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"जंतू कातडीतल्या फटीतून शिरतात. ज्याला एकदा झालं त्याला पुन्हा होतं, आणि दरवेळी पाय थोडा जास्त सुजून राहतो. सूज आणि बोटांमधल्या चिखल्या, दोन्हींवर लक्ष ठेवा. विष रक्तात पसरलं तर माणूस हातचा जाईल."

त्याच महाशिवरात्रीला कुणकेश्वराच्या जत्रेत मी काळा दोरा घेतला आणि स्वतःच्या हाताने ह्यांच्या घोट्यावर बांधला. दृष्टबिष्ट मी मानते की नाही, मलाच ठाऊक नाही; पण घाबरलेल्या बाईला बांधायला काहीतरी लागतं. चार दिवसांत लक्षात आलं, हा दोरा सूजही सांगतो. आत बोट सहज गेलं तर बरं. रुतला तर पाय उशीवर, बाग बंद, डॉक्टरांना फोन.

रोज सकाळी चहाच्या आधी ते पडवीत बसून पाय पुढे करायचे.

"काय सांगता गो आज तुझो दोरो?"

"गप बसा. बोटां फाकवा बगूया."

चौथी खेप मी आदल्या दिवशीच ओळखली. डॉक्टर "शाब्बास" म्हणाले. मी फुशारलेच जरा.

यंदा भातलावणीत दोरा महिनाभर ओलाच होता. घट्ट झाला तसं मी त्यांना घरी बसवलं, डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू केल्या. बोटं पुसून पावडर घातली. चिखल्यांचं नाव नाही. तरी तिसऱ्या दिवशी जांघेत अवधाणाची गाठ आली आणि ते तापात बरळायला लागले. गाडीत त्यांचा पाय मांडीवर घेऊन मी ढसाढसा रडले. शिरलं कुठून? सगळं तर बघत होते ना मी?

डॉक्टरांनी कात्रीने दोरा कापला. खाली कातडी भिजून पांढरी पडलेली, आणि तिच्यात घोट्याभोवती दोऱ्याएवढीच ओली चीर. दोन वर्षं रोज मी दोरा घट्ट की सैल ते बघितलं. सरकवून खाली एकदाही बघितलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि कुंपण घातलं मी. डॉक्टरांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

जीव वाचला. पंधरा दिवसांनी घरी आलो. पायाची सूज आता पुरती उतरायची नाही, आणि पुढची खेप चार महिन्यांनी की उद्या, मला काही म्हणजे काही कळत नाही. त्या संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. चीर दोऱ्याखालची होती, माझ्यामुळे झालं म्हटलं. त्यांनी घोट्याभोवतीच्या वणावरून बोट फिरवलं.

"मगे आता तुका कसा कळतला गो?"

एवढंच विचारलं त्यांनी.

दुसऱ्या सकाळी चहाचं आधण ठेवून बाहेर आले, तर ते पडवीत बसले होते. पाय रोजच्यासारखा माझ्यापुढे केलेला. माझा हात काही पुढे होईना.