दोन बोटं

बायकोच्या पोटाचा घेर घेतला, टेप गळ्यात टाकला आणि सवयीनं म्हणालो, "शनिवारी न्यायला या."

ती हसली आणि लगेच पोट धरून कॉटवर बसली. "आवं, हसवू नका. हसलं की दुखतंय."

उंब्रजला माझं टेलरिंगचं दुकान आहे. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज माझ्या हातचे, पण घरच्या माणसाचं माप मी रोज घेईन असं कधी वाटलं नव्हतं. आदल्याच दिवशी सांगलीत, विश्रामबागेतल्या दवाखान्यात, तिची स्त्रीबीजं काढली होती. टेस्ट ट्यूब बाळासाठी आमची ही तिसरी खेप. तिला एकोणचाळीस लागलेलं. पहिल्या दोन खेपांना बीजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, या वेळी बावीस निघाली. मी तर पेढ्यांपर्यंत पोचलो होतो. डॉक्टर मॅडम मात्र रिपोर्ट पुन्हा पुन्हा बघत होत्या.

"इंजेक्शनांना बीजकोश फार जोरात उठलेत," त्या म्हणाल्या. "मी डोस मधेच कमी केला होता, तरीही. अशा वेळी पोटात पाणी साठतं. रोज सकाळी वजन करा, बेंबीवरून घेर मोजा, लघवी कमी होते का बघा. पाचव्या दिवशी या. सगळं ठीक असेल तर गर्भ आत सोडू. नाहीतर गोठवून ठेवू आणि थांबू."

थांबू. सात वर्षं आम्ही दुसरं काय करत होतो?

तर तो पहिला दिवस. घेर चौतीस. वहीत लिहिला. दुसऱ्या दिवशी टेप लावला तर ती म्हणाली, "बोटं काढा, टोचतायत." काढली. चौतीस. तिसऱ्या दिवशी चौतीस, चौथ्या दिवशीही चौतीस. वजन दीड किलोनं वाढलं होतं, ते आम्ही नारळपाण्याच्या नावावर टाकलं. मॅडमनीच भरपूर प्या म्हणून सांगितलं होतं. ती रोज सकाळी देवापुढं नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायची. मला वाटलं, बसणारच.

पाचव्या दिवशी निघायच्या गडबडीत तिनं परकर मागितला. दोरीवरून काढून देताना नाडीकडं नजर गेली. रोज जिथं गाठ बसते तिथं नाडीला चुणी पडते. एक जुनी चुणी होती, काळपट. तिच्या पुढं, टोकाकडं, एक नवी. मधलं अंतर माझ्या दोन बोटांचं.

मग डोक्यात उजेड पडला. टेलर माणूस टेप लावतो तो आत दोन बोटं घालूनच, अंगाला कापड काचू नये म्हणून. पहिल्या दिवशी ती बोटं आत होती, दुसऱ्या दिवसापासून नव्हती. पोट वाढलं होतं आणि माझा टेप तेच चौतीस दाखवत होता. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना मापात चूक काढू दिली नाही, आणि चुकलो ते इथं.

परकर तिच्या हातात दिला. बोललो नाही.

एस्टीच्या पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली. कराडला गाडी बदलली, तेव्हाही मी बोललो नाही. दोन बोटं म्हणजे काय मोठं? नाडी धुऊन आटली असेल. या वेळी नाही झालं तर ही चौथ्यांदा सुया टोचून घेईल का? घेतल्या तरी अंग साथ देईल का? पेठनाक्यापर्यंत मी स्वतःला पुरतं पटवून दिलं होतं. मग शेजारी पाहिलं. ती तोंडानं श्वास घेत होती.

मॅडमनी वही पाहिली. "वजन थोडं वाढलंय, पण घेर तर स्थिर दिसतोय. दम लागतो?"

"न्हाई," बायको म्हणाली.

"लघवी?"

"झ्याक हुतीया."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. एक 'हो' म्हटलं असतं तर बास होतं.

"मॅडम, पहिल्या दिवशी माझी दोन बोटं टेपच्या आत होती," मी म्हणालो. त्यांना कळेना. मग सवयीनं गळ्यात राहिलेला टेप त्यांच्याच टेबलाच्या कडेला लावून, बोटं घालून दाखवली. बायको भिंतीकडं बघत होती.

सोनोग्राफी तिथल्या तिथं झाली. पाणी होतं.

"आता गर्भ राहिला तर हे आणखी वाढेल," मॅडम म्हणाल्या. "फुफ्फुसापर्यंत जाईल. आयसीयू लागेल. सगळे गर्भ गोठवू. पाणी आपोआप ओसरेल, दोन महिन्यांनी बघू."

"एकच सोडा," बायको म्हणाली. तिनं हात जोडले होते. "सोसते मी. एकच."

"हे व्हायला एकच पुरतो, ताई."

गोळ्यांची चिठ्ठी, परवा परत तपासणी. बाहेर रिक्षाची वाट बघत थांबलो. माझ्या गळ्यात अजून टेप होता. दवाखान्याच्या दारात मी दुकान मांडल्यासारखा उभा. म्हटलं, आता शिव्या देईल तर बरं. "चुकलंच माझं," मी म्हणालो. "दुसऱ्याच दिवशी कळायला पाहिजे होतं."

तिनं तो टेप माझ्या गळ्यातून काढला, गुंडाळला आणि पिशवीत टाकला.

"पयल्या दिशी बोटं आत हुती, दुसऱ्या दिशी न्हवती," ती म्हणाली. "पंधरा वरसं टेलरची बायको हाय मी. मला कळलं न्हाई व्हय? तुमच्या ध्यानात येऊ नये म्हणूनच बसत हुते देवापुढं."