म्हसवडच्या वाटेवर चार बोटांचे ठसे

लढाई संपली, माझे यजमान पलटणीतून सुखरूप घरी आले. त्यांच्यासाठी बोललेला म्हसवडच्या सिद्धनाथाचा नवस फेडायला सासूबाई आणि मी निघालो. त्यांना मी आत्याबाई म्हणते. यजमान ऊसतोडीत अडकले होते, म्हणून आम्ही दोघीच.

इस्लामपूरहून विट्यापर्यंत सर्व्हिस मोटर मिळते. कोळशाच्या गॅसवर चालते, त्यामुळे चढ आला की उतारूंना खाली उतरावं लागतं. मागच्या बाकावर बसू नका, तोंड काळं होतं. विट्याला मोटारतळासमोर भाकरी आणि हुलग्याचं माडगं मिळालं, अगदी घरच्यासारखं. पाणी तिथूनच भरून घ्या. पुढच्या विहिरी मचूळ आहेत.

विट्याहून बैलगाडी ठरवली. गाडीवान म्हणाला, "नव्या सडकंनं जाऊ, लय जवळ पडंल. जुन्या पांढरीवरनं जाती."

पान लावता लावता आत्याबाईंचा हात थांबला.

पांढरी म्हणजे ओस पडलेलं गावठाण. ते आत्याबाईंचं माहेर. प्लेगात गाव उठलं, माळावर झोपड्या घालून राहिलं आणि पुढे दुसरीकडेच वसलं. प्लेगाच्या घरांना मग कुणी शिवलंच नाही. आत्याबाई तेव्हा लहान होत्या. त्याच धामधुमीत त्यांची आई कुणाबरोबर तरी पळून गेली, असं त्यांचे वडील मरेपर्यंत सांगत राहिले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आईचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"जाऊ दे त्याच सडकंनं," त्या म्हणाल्या.

टळटळीत दुपारी तिथे पोचलो. गाव नव्हतंच. पडकी घरं उकरून त्यांचे दगड, मातीच्या विटा, गिलाव्याचे ढपले सडकेच्या पायात अंथरले होते. वर मुरूम अजून पडायचा होता. पायांखाली कुठे अर्धं जातं, कुठे दिवा ठेवायची, काजळी धरलेली दिवळी, कुठे मधोमध झिजलेला उंबरा. गाडीतून उतरून चालायला लागलो तर वाटे, आपण न विचारता कुणाच्या घरातून चाललोय. वारा नव्हता. पाखरू दिसत नव्हतं. मधेच बैल थांबले, ते काही केल्या पुढे जाईनात.

समोर रोलर थंड उभा होता. मजूर बायाबापड्या लांब बाभळीखाली बसल्या होत्या. मुकादम धावत आला.

"गाडी कडंनं घ्या. तेवढा तुकडा सोडा."

"का हो?" मी विचारलं.

"गिलाव्यावर हाताचं ठसं हायती. आमी ढपलं पालथं घालून जातोय, सकाळी बघावं तर उताणं. माणसं हात लावंनात आन् डायवर इंजन घालंना."

"पोरं करत असतील."

"हितं कुठली पोरं, बाई?"

मी वाकून पाहिलं. पांढऱ्या मातीच्या गिलाव्यावर काजळीचे ठसे होते, एकाशेजारी एक. प्रत्येकात चारच बोटं. करंगळी नव्हती.

आत्याबाई ठशांजवळ खाली बसल्या. त्यांनी एका ठशावर आपला हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"माझ्या आईची करंगळी कडबा तोडताना गेलती."

मुकादमानं डोक्याचा पटका काढला.

"आवं आजी... ही दाराजवळची भित. आतल्या अंगाची. आमी उकरलं तवा दाराला भाईरनं कडी घातल्याली. ठसं वरनं खाली येत गेल्यालं. आन् खाली, जमिनीला..."

"बोल."

"हाडं हुती. सडकंत घातली न्हाईत आमी. वड्याच्या काठाला पुरली."

आत्याबाई रडल्या नाहीत. रोगाला भिऊन वडिलांनी कडी घातली असेल आणि पोरांना काय सांगायचं म्हणून ती दुसरी गोष्ट रचली असेल, असं मी मनाशी जुळवत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजी ती गेली न्हवती. हितंच हुती."

"इंजन चालवू का नको, तुमीच सांगा," मुकादम म्हणाला.

आत्याबाईंनी पदर पसरला आणि त्या ठशांचे ढपले वेचायला लागल्या. मीही वेचू लागले. मग बाभळीखालच्या बायका न बोलावता उठून आल्या. सगळे ढपले ओढ्याकाठी नेले, त्या हाडांशेजारी पुरले, वर दगड रचले. सूर्य कलला होता.

परत येऊन आत्याबाई म्हणाल्या, "आता चालवा. भितीत कोंडली हुती. भिती ऱ्हायल्या न्हाईत. जाऊ येऊ द्या माणसं वरनं."

रोलर पेटला आणि सरकला. खाली दगड, विटा चिरडल्या जाऊ लागल्या. मला मात्र तो आवाज दारावर आतून थापा मारल्यासारखा ऐकू आला. इतरांना कसा ऐकू आला, ते मी कुणाला विचारलं नाही. रोलर पार होईपर्यंत सगळे उभे होते. मग बैल आपणहून चालू लागले.

म्हसवडला धर्मशाळेत उतरलो. जागा स्वच्छ आहे, अंथरूण मात्र आपलं न्यावं. दर्शन निवांत झालं, नवस फिटला. परतताना त्या तुकड्यावर लाल मुरूम पडला होता आणि गाडी जराही हादरली नाही. "पाया चांगला बसलाय," गाडीवान म्हणाला. तुम्ही त्या वाटेनं गेलात तर तुम्हाला वेगळं काही दिसायचं नाही.

घरी आल्यावर आत्याबाई पूर्वीसारख्याच वागत होत्या. पितृपंधरवडा आला. अविधवा नवमीला त्यांनी पहिल्यांदाच आईसाठी स्वयंपाक केला, परसात पान ठेवलं आणि मोठ्यानं हाक मारली, "तुळसा, जेवायला ये गं!" आपल्या आईला त्यांनी लेकीसारखी हाक मारली.

वडिलांचं पान त्या दरवर्षी वाढायच्या. यंदा त्यांच्या तिथीला त्यांच्यासाठी चूल पेटलीच नाही. संध्याकाळी मी भीत भीत विचारलं, "आणि तुमच्या वडिलांचं?"

"त्यांनी तिच्या दारात जाऊन मागावं," आत्याबाई म्हणाल्या.